मोटेच्या बैलांचं जू

१

गुरुवारी सकाळी पावणेसहाला मी नेहमीसारखा मोटेच्या बागेत पोचलो. वडाला एक सोयीची खुंटी दिसली, तिला छत्री अडकवली, दोनदा कमरेत वाकलो, आणि तिसऱ्यांदा वाकायच्या आत सटवाजीची हाक आली. मोटेच्या बैलांचं जू गेलं होतं.

आधी ओळखी करून देतो, नाही तर आमची बायको म्हणते की तुम्ही वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर गणित मांडता. मी नरसिंग सर. छत्तीस वर्षं नांदेडात गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. छत्री बारा महिने जवळ असते. ऊनपाऊस हे सांगायला, खरं कारण गल्लीतली कुत्री. बाग आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिचं कागदावरचं नाव कुणालाच आठवत नाही. आत एक उंच उतार बांधलाय, त्यावर खऱ्या मापाची सिमेंटची बैलजोडी, मागं सिमेंटचाच गडी, आणि विहिरीवर लोंबणारी मोट. संध्याकाळी पाचला पंप चालू झाला की मोटेतलं पाणी खडकांवर कोसळतं. हा आमचा धबधबा. मुदखेडहून, विष्णुपुरीहून लोक डबे घेऊन तो बघायला येतात, आणि लग्न ठरलेली जोडपी बैलांसमोर फोटो काढतात.

शिल्पकारानं सगळं सिमेंटचं केलं, जू मात्र खरं बसवलं. बाभळीचं, साडेपाच फुटी, कुठल्याशा गोठ्यात वापरून गुळगुळीत झालेलं. चारही शिवळा, म्हणजे बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना जुवात बसवायच्या त्या लाकडी खुंट्या, त्याही खऱ्या. आता दोन्ही बैलांचे खांदे उघडे होते.

सटवाजी या बागेचा माळी आणि राखणदारही. नऊ वर्षं कंत्राटावर राबतोय. फाटकाजवळच्या एका खोलीत तो, बायको केवळाबाई आणि नर्सिंगला जाणारी मुलगी पुनम असे तिघं राहतात. काम गेलं तर खोलीही जाणार, हे त्याला सांगायला कुणी नको होतं. तरी आठ वाजता कंत्राटदाराचा सुपरवायझर रविकिरण आला आणि त्यानं ते सांगितलंच. हल्ली हॉटेलवाले असल्या जुन्या वस्तू शोधत फिरतात, म्हणाला, आणि बाग उघडणारा-लावणारा तू एकटा. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत जू जागेवर दिसलं नाही तर खोली खाली कर.

सटवाजी एवढंच बोलला, "मी न्हाई घेतलं, साहेब."

तोवर वटपौर्णिमेच्या बायकांची रांग लागली होती आणि वडाकडं पुरुषमाणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. मी कशीबशी छत्री काढून घेतली. घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं आणि चोर कोण तेही सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही ज्याचं नाव घेतलं तो एक सुटला, आता बाकीच्यांचं बघते.

२

माझी बायको सुमनबाई एकतीस वर्षं मुदखेडला रेल्वेच्या पार्सलचं काम बघायची. मालक नसलेल्या गाठोड्यांचे मालक शोधणं ही तिची खास आवड. तिचं एकच म्हणणं: सामान हरवत नसतं, भलत्या ठिकाणी उतरलेलं असतं. हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय, बहुतेक वेळा माझा चष्मा सापडल्यावर.

त्या संध्याकाळी ती बागेत आली. आम्ही बौद्ध, आमच्यात वड पुजत नाहीत, पण गल्लीतल्या अर्ध्या बायकांशी तिची मैत्री, त्यामुळं वडापाशी दहा मिनिटं गप्पा झाल्याच. मग ती बैलांकडं वळली. मी पावलांचे ठसे शोधत होतो. तिनं पदर खोचला आणि बैलाच्या खांद्याला हात लावून वास घेतला.

खांद्यावर हळद होती, तुपात कालवलेली. जिथं जू टेकायचं बरोबर तेवढ्याच पट्ट्यावर. मी म्हटलं, वटपौर्णिमा आहे, बायका येता-जाता लावून गेल्या असतील. ती बैलाच्या तोंडाकडं सरकली. बैलांच्या तोंडाला मुंग्यांची रांग लागली होती. तिनं दोन दाणे चिमटीत धरून मला दाखवले. गहू. मी म्हटलं, आज ओटी गव्हाचीच भरतात. तिनं दाणे रुमालात बांधले. मग तिनं दोर दाखवला. जुवाला बांधलेला मोटेचा दोर कुणी कापला नव्हता. गाठी सोडवून, नीट वेटोळं करून तो बैलाच्या शिंगाला लावून ठेवला होता.

"चोर इतका नीटनेटका असतो का हो?" तिनं विचारलं. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

सटवाजीनं बुधवारची हकिकत सांगितली. पावणेआठला जू जागेवर होतं, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मग पंप बंद केला, लोकांना उठवायला शिट्टी वाजवत पलीकडच्या टोकाला गेला, आणि आठला फाटक लावलं. त्या वेळी आत कोण कोण होतं? फोटो काढणारी दोन जोडपी. रोज फिरायला येणारा ढाबेवाला बालाजी. उद्याच्या पूजेसाठी पार झाडून परतणारी दीपमाला वहिनी. आणि धबधब्यासमोरच्या बाकावरचे शरणप्पा आजोबा.

या आजोबांना सगळी बाग ओळखते. मुलगा रेल्वेत आहे, त्याच्याकडं दोन वर्षांपासून राहतात. गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाला लागून, त्यामुळं बोलण्यात निम्मं कानडी. रोज पाचला येतात आणि बैलांकडं बघत बसतात. एकदा कॉलेजातला एकजण फोटोसाठी बैलाच्या पाठीवर चढला तर त्याला त्यांनी असं झापलं होतं की तो सिमेंटच्या बैलाची माफी मागून गेला. सटवाजी म्हणाला, बुधवारी त्यांनी एक गंमतच विचारली. उद्या पाणी बंद ठेवता येईल का म्हणून. सणाची गर्दी असती आजोबा, कसं बंद ठिवू, असं सांगितल्यावर पुन्हा बैलांकडं बघायला लागले बिचारे.

सुमनबाई मग फाटकाशी गेली. फाटक फिरतं, एका वेळी एक माणूस जेमतेम जाईल असं. सटवाजीचा जुवाएवढा बांबू घेऊन तिनं मला त्यातून जायला लावलं. मी मधेच अडकलो आणि केवळाबाईनं मला मागं ओढून काढलं. मोठ्या फाटकाचं कुलूप गंजून एकजीव झालेलं. भिंतीवर काटेरी तार, आणि तारेवर चौफेर गुळवेल. त्याचं एक पान मोडलेलं नव्हतं.

"सटवाजी," ती म्हणाली, "पोरीला सांग, अभ्यास कर म्हणावं. जू बागेच्या बाहेर गेलेलंच नाही."

३

पण मग होतं कुठं? सटवाजीनं शुक्रवारी सकाळी बाग उलटीपालटी केली. पंपाची खोली, मेंदी, विहिरीतलं गुडघाभर पाणी, पालापाचोळ्याचा ढीग, सगळं. साडेपाच फुटी लाकूड काही चष्म्याएवढं नसतं. दुपारी केवळाबाईनं भांडी खोक्यात भरायला घेतली. ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी सुमनबाईला घेऊन तडक बालाजीच्या ढाब्यावर गेलो.

आमच्या वर्गात बालाजी शेवटच्या बाकावर बसायचा आणि पाढे फळ्यामागं लिहून ठेवायचा, त्यामुळं माझा संशय काही आजचा नव्हता. ढाब्यात शिरलो तर समोरच्या भिंतीवर जू टांगलेलं. मी छत्री रोखून म्हटलं, हे काय? बालाजीनं शांतपणे ते काढून माझ्या हातात दिलं. ते फुलासारखं हलकं निघालं. थर्माकोलचं, वरून रंग दिलेला. तो म्हणाला की बागेतलं जू मी मागितलं होतं ही गोष्ट खरी, दोन वर्षांमागं, चारचौघांत मागितलं होतं. सटवाजीनं तिथंच नाही म्हटलं, म्हणून हे करून घेतलं. वर त्यानं आम्हाला बळंच शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाऊ घातली. माझा विद्यार्थी चोर निघाला नाही याचा मला आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं, कारण आता माझ्याजवळ दुसरं नाव नव्हतं.

तिथून दीपमाला वहिनीकडं. वटपौर्णिमेचा सगळा कारभार तिच्याकडं असतो. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाचा दोरा कुणाच्या वरून जायचा, सगळं ती ठरवते. सुमनबाईनं तिला जुवाचं काही विचारलंच नाही. बैलांना हळद तुम्ही लावली का, एवढंच विचारलं.

दीपमाला वहिनीला ते लागलं. नुसती हळद? कुंकवाशिवाय? आमच्यातली एक बाई असं करायची नाही. आणि तुपात कालवून तर कधीच नाही. सुमनबाईनं रुमालातले दोन दाणे तिच्या पुढ्यात धरले. वहिनीनं एक दाणा बोटानं दाबला. तो पिठासारखा चेपला आणि बोटाला चिकटला.

"हा शिजवलेला हाय, बाई," ती म्हणाली. "गुळात शिजवलेला. ओटीला कच्चा गहू लागतो. आन काल आमचा समद्यांचा उपास, खीर शिजवली कोणी?"

म्हणजे बैलांना हळद-तूप लावणारं आणि गव्हाची खीर भरवणारं माणूस वडाला आलेल्या बायकांपैकी नव्हतं. मग कोण? मी म्हटलं, हा तर पोळ्याचा थाट झाला. खांद्याला हळद-तूप, गोडाधोडाचा घास. पण पोळा श्रावणातल्या अमावास्येला, आणि हा तर जेठ. अजून दोन-अडीच महिने आहेत.

सुमनबाई चालता चालता थांबली. माझ्याकडं तिनं इतक्या प्रेमानं बघितलं की मला मागं कुणी उभं आहे का ते पाहावं लागलं.

४

"तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोललात," ती म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत पुढं काही सांगितलं नाही.

चहा झाल्यावर सांगितलं. पार्सलमध्ये असताना घुंगरमाळांची, गोंड्यांची, बैलांच्या रंगांची पोती यायची. नांदेड, हदगाव, किनवटकडच्या व्यापाऱ्यांची पोती श्रावणात. पण काही पोती जूनमध्येच यायची, वटपौर्णिमेच्या आधी आठ दिवस, आणि ती सगळी उदगीर, भालकी, बिदरकडं जायची. पहिल्या वर्षी तिला वाटलं कुणीतरी महिना चुकलाय. मग तिकडच्याच एका हमालानं सांगितलं, बाई, आमच्याकडं बैलांचा सण श्रावणात नसतो. कर्नाटकाच्या सीमेवरची गावं तो जेठातल्या पौर्णिमेला करतात. कारहुणवी म्हणतात त्याला. आदल्या दिवशी बैलांना धुवायचं, खांदे हळद-तुपानं चोळायचे, हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर भरवायची.

"आणि त्या दोन दिवसांत," ती म्हणाली, "जू बैलाच्या खांद्याला लावायचं नाही."

मी हातातली बशी खाली ठेवली. बागेत येणाऱ्यांपैकी त्या सीमेवरचा माणूस एकच होता. पाणी बंद ठेवा म्हणणाराही तोच. पाणी चालू म्हणजे मोट चालू, आणि मोट चालू म्हणजे बैल कामावर. तिनं आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली होती, जी आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती, कारण ती नसण्याची गोष्ट होती. गुरुवारी आणि शुक्रवारी धबधब्यासमोरचा बाक रिकामा होता.

शनिवारी दुपारी आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलो. सुनेनं दार उघडलं. मामांचं दोन दिवस जेवणात लक्ष नाही, म्हणाली. शरणप्पा आजोबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. सुमनबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि बैल छान दिसतात म्हणाली, खांदे कुणी चोळले?

आजोबा तिच्याकडं वळले. मग म्हणाले, "सिमेंटचं हायती. म्हाईत हाय मला, येडा न्हाई मी. पण जू तर खरं हाय का न्हाई?"

गावाकडं पन्नास कारहुणव्या त्यांनी केल्या. म्हातारी गेली, पोराकडं यावं लागलं, जोडी भावकीतल्या पोराला दिली. गेल्या वर्षी त्या दिवशी खोलीत बसून नुसती चुळबुळ झाली. या वर्षी मनाशी ठरवलं. सुनेकडून डबाभर हुग्गी करून घेतली, मला खायची आहे म्हणून. सटवाजी शिट्टी वाजवत पलीकडं गेला, तेवढ्यात जू उतरवलं. एका दिवसाची तर गोष्ट, शुक्रवारी सकाळी परत चढवणार होते.

"मग चढवलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच. केवळाबाईची खोकी माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यांच्यामुळं एका माणसाची नोकरी आणि घर आज सहा वाजता जाणार, हे मी सांगून टाकलं.

म्हाताऱ्याच्या तोंडावरचा रंगच गेला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. उठून चपला शोधायला लागले. "बाया बांधून टाकल्या की हो त्याला," ते म्हणाले. "मी कसा हात लावू?"

मला काही कळेना. सुमनबाई मात्र हसायला लागली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गुरुवारी सकाळी तुम्ही छत्री कशाला अडकवली होती?"

५

वडाला, मी म्हटलं. वडाच्या खुंटीला. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की जिवंत वडाला खुंटी कोण ठोकतं.

जू जमिनीवर आडवं टाकायचं नसतं, कुणी ओलांडतं. ओलीत ठेवायचं नसतं. शेतात ते झाडालाच टेकवून ठेवतात. शरणप्पांनी तेच केलं. वडाचं खोड आणि एक जाड पारंबी यांच्या बेचक्यात जू उभं करून ठेवलं, शिवळांसकट. जू उभं राहिलं की शिवळा आडव्या होतात. तीच माझी सोयीची खुंटी. मी जुवालाच छत्री अडकवून जू शोधत होतो. छत्तीस वर्षं पोरांना उदाहरण नीट वाचा म्हणून ओरडलो, आणि हे.

मग दीपमाला वहिनीच्या देखरेखीखाली दोन-अडीचशे बायकांनी वडाला फेऱ्या मारल्या. खोड, पारंब्या आणि जू, सगळ्यांवरून मिळून दोरा गुंडाळला गेला. हळदीकुंकवाची बोटं लागली. पारंबी कुठली आणि बाभूळ कुठली, कुणी बघतंय? गुरुवारी चारला आजोबा आले, बघतात तर जू पांढऱ्या दोऱ्यांत गच्च बांधलेलं. इतक्या बायकांच्या नवऱ्यांच्या आयुष्याचा दोरा तोडायचा तरी कसा? तसेच मागं फिरले. आणि सटवाजीनं सगळी बाग शोधली, पण त्या दोऱ्यांना त्यानंही हात लावला नव्हता. केवळाबाईचा दोराही त्यातच होता.

साडेपाचला आम्ही वडाखाली जमलो. सटवाजीचं कुटुंब, दीपमाला वहिनी आणि तिच्या चारपाच मैत्रिणी, बालाजी, आणि घड्याळात बघणारा रविकिरण. त्यानं खिशातून चाकू काढला तसा बायकांनी त्याला कडं केलं. नवं लग्न झालं होतं बिचाऱ्याचं. त्याच्या बायकोचा दोरा यात आहे का, असं वहिनीनं विचारल्यावर चाकू परत खिशात गेला.

दोरा तोडायचं काही कारणच नव्हतं. शरणप्पांनी बायकांना हात जोडले, वाकून चारही शिवळा अलगद काढल्या. मग सटवाजीला वर चढवलं. वरून सटवाजी ओढतोय, खालून आजोबा दोन्ही तळव्यांनी रेटतायत, आणि जू इंचाइंचानं वर सरकतंय, असं पाच मिनिटं चाललं. मग ते सुटलं. दोरे जरा सैल पडले, पण तुटला एकही नाही. वहिनीनं स्वतः फिरून खात्री केली.

सहाला पाच कमी असताना आजोबांनी आणि सटवाजीनं एकेक टोक धरून जू बैलांच्या खांद्यावर चढवलं. शिवळा बसवताना आजोबा कानडीत काहीतरी पुटपुटले. सटवाजीनं विचारलं, काय म्हणलात? म्हणाले, चला म्हणलो, सुट्टी सरली.

रविकिरणचं समाधान झालं नव्हतं. वरिष्ठांना कागद लागतो, म्हणाला. म्हाताऱ्याचं नाव घालून तक्रार लिही, खाली सही कर, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही. मी सटवाजीकडं बघितलं. तीन दिवस या माणसाच्या डोळ्याला डोळा नव्हता आणि त्याचं कारण शेजारी उभं होतं, मान खाली घालून. सटवाजीनं वही घेतली, थोडा विचार केला आणि ती माझ्याकडं दिली.

"सर, तुम्ही लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय," तो म्हणाला. "जू चोरीला गेलं न्हवतं. बैल सुट्टीवर होते."

मी तसंच लिहिलं. खाली त्यानं सही केली, आणि आजोबांनी भरल्या डोळ्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. रविकिरणनं ते वाचलं, डोकं खाजवलं आणि वही गाडीच्या डिकीत टाकली. सहा वाजले तसा सटवाजीनं पाचला राहून गेलेला पंप चालू केला. पाणी कोसळायला लागल्यावर केवळाबाई खोलीत गेली आणि भांडी परत फळीवर लावायला लागली. तो आवाज मला पाण्याच्या वरून ऐकू येत होता.

श्रावणात आमचा पोळा आला. आदल्या दिवशी मी आणि सुमनबाई संध्याकाळी बागेत गेलो तर शरणप्पा आजोबा आणि सटवाजी बैलांचे खांदे चोळत होते. एकानं हळद आणली होती, दुसऱ्यानं तूप. जू वडाला टेकवलेलं, आणि या खेपेला दीपमाला वहिनीनं त्याला हार घातलेला. मोटेतून पाणी पडत नव्हतं. मुदखेडहून डबे घेऊन आलेली माणसं फाटकावरची पाटी वाचत होती, आणि एकानंही कुरकुर केली नाही.

पाटीवर पुनमच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं: आज बैलांना सुट्टी आहे. धबधबा बंद राहील.

मी आत शिरलो आणि छत्री अडकवायला जागा शोधू लागलो. सुमनबाईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.